तिसऱ्या झोपडीचं रसग्रहण

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण विचारतात. ते कसं लिहायचं हे मी बीड जिल्ह्यात एकतीस वर्षं शिकवलं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन ढीग करायचे आणि प्रत्येकात चार-चार वाक्यं टाकायची. कविता वाचली नसली तरी मार्क पडतात. एक विद्यार्थी तर कविता कुठलीही असो, कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे, इथूनच सुरुवात करायचा. गिरणी कामगारावरच्या कवितेतही त्याने निसर्ग काढला होता. मी दोन मार्क कापले आणि समासात लाल शाईने लिहिलं : निसर्ग कुठे?

त्याच मुलाने सिंदफणेच्या अंगाला, रस्त्यालगत गार्डन काढलं आहे. आपल्याकडे गार्डन म्हणजे काय ते वाचकांना ठाऊकच आहे. मधे हिरवळ, कडेने सात झोपड्या, प्रत्येक झोपडीत सिमेंटचं टेबल, वर रंगीत दिव्यांच्या माळा, दारात दोन प्लास्टिकचे नारळ आणि एक कारंजं. नाव सांगत नाही. त्या नावाची गार्डनं या जिल्ह्यातच तीन-चार असतील. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यावर आभाळ फाटलं. सिंदफणा, मांजरा, सीना पात्र सोडून शेतांत शिरल्या, सोयाबीन उभ्याने सडलं, बांधावरची माती वाहून खाली नुसता खडक राहिला. या गार्डनमध्येही पाणी आलं. दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला, "सर, पुन्हा चालू केलंय. येऊन जा ना एकदा."

गावात त्याच्याबद्दल बरं बोललं जात नव्हतं. लोकांच्या चुलीत पाणी अन् याला लायटिंग सुचतंय, असं पारावर चाललेलं मी स्वतः ऐकलं. गेलो तेव्हा माझ्याही मनात तेच होतं. आधीच सांगून टाकतो, मी घेत नाही. माळकरी नाही, पण पित्ताचा त्रास आहे. गाणं ऐकायला गळा लागत नाही, तसंच हेही, एवढंच माझं समर्थन.

पहिली ओळ पाटीवरची. 'शुद्ध शाकाहारी व मांसाहारी'. इथे शुद्ध हे विशेषण नेमकं कुणाचं, हा प्रश्न मी वर्गात नक्की विचारला असता. खाली लहान अक्षरात 'परमिट रूम'. हे दोन शब्द महाराष्ट्राने जगाला दिलेले आहेत आणि त्यांच्याकडे कुणी नीट बघत नाही. इथे 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. म्हणजे मुळात बंदी, आणि परवाना असेल तर सूट. एक दिवसाचा परवाना देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. जगात इतरत्र अशा जागेला पेयाचं नाव असतं, मालकाचं असतं, जनावराचं असतं. आपण तिला परवानगीची खोली म्हणतो. ज्या जिल्ह्यात लग्नाला, पेरणीला, मुलाच्या फीला, सगळ्याला आधी कुणाची तरी परवानगी किंवा उचल लागते, तिथे हे नाव किती चपखल बसतं ते मला त्या दिवशी पाटीखाली उभं राहिल्यावर जाणवलं.

मी झोपडीचा फोटो काढून अमेरिकेतल्या भाच्याला पाठवला. त्याचं लगेच उत्तर, "मामा, हा तर टिकी बार झाला!"

टिकी म्हणजे न्यूझीलंडच्या माओरींच्या कथांमधला पहिला पुरुष, आणि पॅसिफिकच्या बेटांवर कोरल्या जाणाऱ्या लाकडी मूर्तींचंही तेच नाव. पण टिकी बारचा जन्म बेटावर झालेला नाही. तो झाला हॉलिवूडमध्ये. अमेरिकेत तेरा वर्षांची दारूबंदी 5 डिसेंबर 1933 ला उठली. महामंदीचा काळ, दर चार कामगारांत एक बेकार. त्या वेळी अर्नेस्ट गँट नावाच्या, समुद्रावर भटकून आलेल्या पंचविशीतल्या माणसाने एक लहानसा बार उघडला. बांबू, मासेमारीची जाळी, समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली लाकडं, गवती छप्पर. स्वतःचं नाव त्याने पुढे डॉन बीच असं बदलून घेतलं. पेयं सगळी रमची, म्हणजे कॅरिबियन समुद्राकडची, सजावट पॅसिफिकची, जेवण चिनी, बारमागचे हात फिलिपिनो. एका छपराखाली चार समुद्र. खोटेपणाचा इतका मनसोक्त नमुना दुसरा सापडणार नाही, आणि गिऱ्हाइकांनाही ते माहीत होतं.

त्या बारची एक गोष्ट मला फार आवडते. डॉनच्या छपराचा एक भाग पत्र्याचा होता. गिऱ्हाईक उठायला लागलं की पत्र्यावर नळीने पाणी सोडायचं. वर टपटप सुरू झाली की माणूस म्हणणार, पाऊस आला, थांबू थोडं. आणि आणखी एक ग्लास मागवणार. पुढे 1945 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मोठ्या हॉटेलाने आपला पोहण्याचा तलावच खाऱ्या तळ्यासारखा सजवला आणि त्यावर ठरावीक वेळाने गडगडाटासह पाऊस पाडायला सुरुवात केली. ते टोंगा रूम.

आम्हीही पाऊस पाडून पाहिला आहे. 2015 मध्ये औरंगाबादहून विमानं उडायची, ढगांत मीठ फवारायची आणि आम्ही अंगणात उभे राहून वर बघायचो. 2019 मध्ये पुन्हा तेच. डॉनचा पाऊस किमान पत्र्यावर तरी वाजायचा. त्या दोन्हींच्या मधल्या 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं आणि न्यायालयाला मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी कापावं लागलं. आमच्याकडे पाऊस आणि दारू यांची गाठ अशी कोर्टात पडते.

सह्याद्रीने सगळं पाणी पलीकडे झटकल्यावर जे उरतं ते आमचं, त्यामुळे बीडच्या माणसाचं पावसाशी नातं उधारीचं आहे. म्हणून या गार्डनमधली हिरवळ बघताना मला एरवी राग येतो. गावात टँकर आणि इथे लॉन, हे चित्र मी अनेक उन्हाळे पाहिलं आहे. पण यंदा हिशेबच उलटा होता. कारंजं बंद होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मोटार पुरात गेली, सर." पाण्याने कारंजं बंद पाडलं. असली विसंगती कवितेत आली असती तर मी फळ्यावर अधोरेखित करून दाखवली असती.

आता ती तिसरी झोपडी.

सहा झोपड्यांच्या मेढींना त्याने हिरवा ऑईलपेंट दिला होता. तिसऱ्या झोपडीच्या मेढीला मात्र गुडघ्याच्या वर, मांडीच्या खाली, एक राखाडी रेघ तशीच होती. पाणी चढलं, थांबलं, ओसरलं; जिथे थांबलं तिथे गाळाने आपली सही केली. हात लावला तर बोटाला बारीक, पिठासारखी माती लागली. छपराच्या आतल्या बाजूला एक वाळकी सोयाबीनची शेंग अडकलेली होती; ती वाऱ्याने आली की पुराने, सांगता येत नाही. मी मनात रसग्रहण सुरू केलं. कवीने सहा झोपड्या रंगवून एक तशीच ठेवली, म्हणजे स्मृती पुसायची नाही असा त्याचा हेतू. उत्सवाच्या मधोमध दुःखाची खूण. वगैरे.

"ही का ठेवलीस अशी?"

"रंग संपला, सर."

कवीला हेतू विचारू नये, हे मी एकतीस वर्षं मुलांना सांगत आलो होतो.

न्यू ऑर्लीन्सची गोष्ट इथे आठवणं भाग आहे, कारण बुडालेल्या शहरात टिकी बार उघडण्याचा खरा प्रयोग तिथे झाला. 29 ऑगस्ट 2005 ला कॅटरिना वादळ आलं, बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. नऊ वर्षांनी, नोव्हेंबर 2014 मध्ये, जेफ बेरी आणि त्यांच्या पत्नी ॲनीन के यांनी तिथल्या जुन्या फ्रेंच वस्तीत एक टिकी बार सुरू केला. नाव ठेवलं लॅटिट्यूड 29. अक्षांश 29.

हा बेरी माझ्याच जातीचा माणूस, म्हणजे पाठ लावणारा. डॉन बीच आपल्या कृती कुणाला कळू देत नसे. बाटल्यांवर नावं नसत, सांकेतिक शब्द आणि आकडे असत, त्यामुळे पेय बनवणाऱ्यालाही आपण काय ओततोय हे ठाऊक नसे. त्याचं सगळ्यात गाजलेलं पेय झॉम्बी. ते एका गिऱ्हाइकाला दोनपेक्षा जास्त द्यायचं नाही असा नियम होता. त्याची मूळ कृती हरवली होती. बेरीने जुन्या वेटरांना, त्यांच्या घरच्यांना गाठलं. डिक सँटियागो या वेटरची 1937 ची खिशातली वही त्याच्या मुलीकडून मिळाली. तीत झॉम्बी होती, पण एक घटक नुसताच 'डॉनचं मिश्रण' असा लिहिलेला. ते मिश्रण सोडवायलाही बेरीला बराच काळ लागला. शेवटी काय निघालं? ग्रेपफ्रूटचा रस आणि दालचिनीचा पाक. घराघरांतल्या मसाल्याच्या डब्यातली दालचिनी! बाकी यादीतलंही बरंच आपल्या ओळखीचं आहे : लिंबू, आणि फॅलर्नम नावाचा एक गोड अर्क, ज्यात लवंग आणि आलं असतं. तीन प्रकारची रम बाजूला काढली तर उरतं ते आमच्या आजीचं सर्दीचं औषध.

खिशातल्या वहीतला एकेक शब्द असा सोडवत बसणं, याला मी रसग्रहण म्हणतो. तीन ढिगांना नाही.

एका बुडून निघालेल्या गावाला बारची गरज होती का, हा प्रश्न तिथेही कुणी ना कुणी विचारला असेल. मला त्यापेक्षा नाव विचार करायला लावतं. बेरीने बारला बेटाचं नाव दिलं नाही. आपलं शहर पृथ्वीवर कुठे आहे तो आकडा दिला. स्वप्न दूरचं विकायचं, पण पत्ता घरचा लावायचा. मी घरी येऊन नातवाचा नकाशा उघडला. बीड एकोणीस अंशांवर आहे. ती रेघ बोटाने पश्चिमेकडे नेली तर जमैकाच्या किंचित वरून जाते, जिथली रम झॉम्बीत पडते. आणखी पुढे नेली तर हवाईच्या मोठ्या बेटाला, अगदी दक्षिण टोकाशी लागते. म्हणजे अमेरिकेने नव्वद वर्षं ज्या उष्ण कटिबंधाची स्वप्नं पाहिली, गवती छपरं घातली, पत्र्यावर पाऊस पाडला, तो उष्ण कटिबंध अक्षांशाच्या हिशेबाने आमचा आहे. फक्त आमच्याकडे नारळ प्लास्टिकचे आणावे लागतात.

आणि ऊस. इथे मात्र मला थांबावं लागतं.

रम म्हणजे ऊस. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी तोडलेला ऊस, त्याची साखर, साखरेखाली उरलेली मळी, मळीची रम. हवाईतही तेच पीक; 1906 पासून तिथे फिलिपिन्सहून हजारो माणसं ऊस तोडायला नेली. डॉनच्या बारमागे उभे असलेले हात फिलिपिनो होते हे मी वर सहज सांगून गेलो. ते हात अमेरिकेत आले त्या लाटेतल्या पुष्कळांनी आधी ऊसच तोडला होता. बारच्या गवती छपराखाली बसून गिऱ्हाईक बेटाचं सुख पीत होतं. बेटावरचा माणूस त्याच गवताखाली राहायचा तो मजुरीसाठी.

आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजायचा, आणि कारखान्याच्या माळावर कोपी घालायची. कोपी म्हणजे बांबू वाकवून केलेलं कमानीसारखं खोपट, त्यावर चटई, त्यावर पाचट. दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर होते, मळी होते, मळीचं स्पिरिट होतं, आणि ते देशीच्या बाटलीतून किंवा विदेशी म्हणवणाऱ्या क्वार्टरमधून आमच्याच जिल्ह्यात परत येतं. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जी स्वस्त बाटली विकतात तीही पुष्कळदा मळीचीच असते. म्हणजे ती कुळाने रमच, फक्त लेबल वेगळं.

मी झोपडीच्या छपराकडे पुन्हा पाहिलं. नारळाच्या झावळ्या नव्हत्या, सिंदीचे झापही नव्हते. पाचट होतं. थर कसे दिलेत, कड कशी दाबलीय, सुतळीची गाठ कुठे आलीय, सगळं ओळखीचं.

"कुणी घातल्या रे या?"

"आईनं अन् दादानं. पुरात तीन पडल्या होत्या. बाहेरचा माणूस एकेका झोपडीचे सहा हजार मागत होता. आई म्हणली, जल्म गेला कोप्या घालण्यात, त्याला कशाला पैसे देतोस?" मग थोडं थांबून म्हणाला, "फक्त उंची वाढवली, सर. गिऱ्हाइकानं वाकायला नको."

एवढा एकच बदल. बाकी तीच कमान, तेच पाचट, तोच माळ. मघाशी मी नकलेची जी चेष्टा करत होतो ती माझ्या घशात अडकली. हॉलिवूडच्या झोपडीत बसणाऱ्याने ती झोपडी कधी राहण्यासाठी वापरली नव्हती. इथे झोपडी घालणारी बाई तीत आयुष्यभर राहिली आहे. आता तिने ती हातभर उंच केली आणि लेकाच्या गिऱ्हाइकांना भाड्याने दिली. याला आशयसौंदर्य म्हणावं की काय म्हणावं मला सुचलं नाही. पारावर जे बोलतात त्यांना ही उंची दिसलेली नाही, एवढं मात्र कळलं.

पंचनाम्याचं विचारलं तर हसला. माणूस आला होता, शेताचं लिहून घेऊन गेला. झोपडीला रकाना नव्हता, प्लास्टिकच्या नारळाला तर नव्हताच.

मला लिंबू-सोडा आला. मीठ टाकलेला, आल्याची चव असलेला, काठोकाठ. मालक स्वतः समोर बसला नाही. सरांसमोर बसायची सवय अजून नाही. उभ्यानेच बोलत होता. शेजारच्या झोपडीत चौघे जण होते, हळू आवाजात कुणाची विहीर गाळाने भरली आणि कुणाची म्हैस वाहून गेली याचा हिशेब चालला होता. एकाने मधेच काहीतरी सांगितलं आणि चौघेही जोरात हसले. पुरानंतर महिन्याभरात मी ऐकलेलं ते पहिलं मोठ्याने हसणं. पारावर लोक जमत होते, मंदिरात जमत होते, मदतीच्या रांगेत जमत होते. तिथे कुणी हसत नव्हतं आणि हसलंही नसतं. दारूचा पुळका मला नाही. तिने या जिल्ह्यातली घरं कशी खाल्ली ते मी वर्गातल्या मुलांच्या अंगावरच्या कपड्यांवरून ओळखायचो. पण चार माणसांना सुतकातून उठून बसायला एक जागा लागते, आणि तिला छप्पर लागतं, हे मला त्या संध्याकाळी मान्य करावं लागलं.

निघताना मी त्याला त्या जुन्या लाल शाईची आठवण करून दिली. त्याला पक्कं आठवत होतं.

"सर, ती कविता मी वाचलीच नव्हती. दिवाळीपासून कारखान्यावर होतो आईबरोबर. परीक्षेला तिथूनच आलो थेट. आल्यावर एका पोराच्या वहीतून तेवढं एक वाक्य पाठ केलं. निसर्गाचं. म्हणलं, कुठं ना कुठं चालंल."

तो वर्गात नव्हता हे हजेरीपटावर मीच लिहीत होतो. दिवाळीपासून मार्चपर्यंत त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरातले शून्य असणार. तरी मी विचारलं होतं, निसर्ग कुठे?

वाचकांना सांगायचं ते असं की, जायचं असेल तर गुढीपाडव्यानंतर जा. नोव्हेंबरात कारखाने पेटले की वेटर आणि गिऱ्हाईक दोघेही टोळीबरोबर जातात, आणि सातांतल्या दोनच झोपड्यांत दिवे लागतात. गेलात तर तिसऱ्या झोपडीत बसा. रंग आणलाय म्हणे. रेघ असेपर्यंत बघून घ्या.